राहू द्या ना मॅडम!

"राहू द्या ना मॅडम!" हे वाक्य मी वर्ध्यात आठवड्यातून निदान दोनदा ऐकते. कधी साबणाच्या वडीवर, कधी अस्तराच्या मीटरभर कापडावर, कधी पाव किलो शेवेवर. कारण साधं आहे. गेली चोवीस वर्षं मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते. दरवर्षी साठ-सत्तर पोरं हाताखालून जातात. थोडी सीए व्हायला नागपूर-पुण्याला पळतात, काही बँकेच्या परीक्षा देत बसतात, आणि बरीचशी बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे उभी राहतात. मला पाहिलं की त्यांचा चेहरा फुलतो. बिल करताना एखादी वस्तू बाजूला सरकवून ती थेट माझ्या पिशवीत जाते, आणि मग हे वाक्य येतं.

या वाक्याविरुद्ध मला आज लिहायचंय. म्हणजे पोरांविरुद्ध नाही. ते ऐकून गालातल्या गालात हसत पिशवी उचलणाऱ्या आपल्या लोकांविरुद्ध.

तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकलंय का, हे वाक्य कुठल्या आवाजात येतं ते? मालक गल्ल्यावर बसलेला असताना ते येत नाही. मालक जेवायला घरी गेला की, गोडाऊनमध्ये गेला की, फोनवर बोलत बाहेर उभा राहिला की येतं. आणि आलं तरी आवाज एक पट्टी खाली उतरलेला असतो. ज्या माणसाला स्वतःची वस्तू द्यायची असते तो आवाज खाली आणत नाही. भाजीवाल्या मावशी बघा. वांगी-टमाटे मोजून झाले की मूठभर सांभार अशी काही पिशवीत टाकतात की शेजारच्या दोन दुकानांना कळावं! (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी : सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्याकडे सांभार खातात आणि सांबारही खातात, गोंधळ होत नाही.) ती जुडी त्यांनी पहाटे स्वतःच्या पैशानं उचललेली असते. ती द्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि घेण्यात मला काही वाटत नाही. उलट नाही घेतली तर त्यांचा अपमान होईल. मिठाईवाल्यानं चाखायला दिलेला तुकडा, कापडवाल्या शेटजींनी स्वतःहून सोडलेले वरचे वीस रुपये, हे सगळं त्याच खात्यातलं. देणारा आणि मालक एकच.

काउंटरवरच्या पोराचं तसं नाही. तो देतोय ती वस्तू त्याची नाही. इतकं सरळ आहे हे. पण आपल्याला सरळ गोष्टी फार अवघड जातात.

माझ्या विषयाच्या भाषेत सांगते. दुकानातून माल बाहेर गेला आणि पैसे आले नाहीत, तर किर्दीत काय लिहायचं याचे ठरलेले मार्ग आहेत. मालकानं घरी नेला तर उचल खात्याला नावे. जाहिरात म्हणून नमुने वाटले तर जाहिरात खात्याला नावे. धर्मादाय दिला तर धर्मादाय खर्च. चोरीला गेला तर चोरीमुळे झालेलं नुकसान. आगीत जळाला, ओला झाला, त्याचेही मार्ग आहेत. 'नोकरानं ओळखीच्या मॅडमला प्रेमानं दिला' असं खातं मात्र मी चोवीस वर्षांत कुठल्या पुस्तकात पाहिलं नाही. मग तो माल कुठल्या खात्यात जातो? जे खातं उरतं त्यात. आपण त्याला प्रेम म्हणतो, वही त्याला चोरी म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पंचेचाळीस रुपयांच्या साबणाला किती ताणता! थांबा, साबणाचं पुढे काय होतं ते सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी इथल्या एका मोठ्या किराणा दुकानात काउंटरला होता. हल्ली असतं तसं दुकान, निम्मं जुन्या पद्धतीचं, निम्मं सुपरमार्केट, ट्रॉली घेऊन फिरायचं. नाव सांगत नाही, दुकानाचं नाही आणि त्याचंही नाही. तिथे दर महिन्याच्या शेवटी स्टॉक मोजतात. कॉम्प्युटरवर जेवढा माल शिल्लक दिसतो आणि फळीवर जेवढा सापडतो त्यातला फरक म्हणजे 'शॉर्टेज'. या शॉर्टेजची रक्कम काउंटरवरच्या सगळ्या पोरांत सारखी वाटून पगारातून कापतात. कुणी दिलं, कुणी खाल्लं, उंदरानं काय नेलं, याची चौकशी नाही. एका महिन्यात त्याच्या पगारातून ६४० रुपये गेले. पगार किती? ८,५००. तो मला हे सांगत होता तेव्हा रडत वगैरे नव्हता, हसत होता. म्हणाला, "मॅडम, मी तं कोनालेच काही देत नाही, तरी भरतो. म्हनून आता मीबी देतो. भराचंच हाय तं नाव तरी होऊ द्या."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बघा म्हणजे, व्यवहार कसा पूर्ण होतो ते. आपण नेलेला साबण मालकाला पडत नाही. मालक वसूल करतो. तो पडतो त्याच काउंटरवरच्या चार पोरांना, त्यातल्या तिघांनी आपल्याला कधी पाहिलेलंही नसतं. आपल्या मॅडमपणाची, डॉक्टरपणाची, साहेबपणाची वर्गणी ती पोरं भरतात.

अशी सरसकट कपात कायद्यात बसते का? नाही बसत. १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम असा की, ज्याच्या ताब्यात माल दिला होता त्याच्या हलगर्जीपणानं नुकसान झालं तरच कपात करायची, नुकसानीपेक्षा जास्त करायची नाही, आणि आधी त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यायचं. नव्या वेतन संहितेतही हेच आहे. पण चार नोकरांच्या दुकानात हे म्हणणं कोण मांडणार आणि कोणापुढे? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली झाला, तेव्हाच दहापेक्षा कमी नोकरांच्या दुकानांना त्यातून जवळजवळ सोडून दिलं होतं, नुसती सूचना द्या म्हणून. असो, तो वेगळा लेख आहे.

आणि पकडला गेला तर? १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये एक चांगली तरतूद आली आहे. पाच हजारांच्या आतली चोरी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, माल किंवा किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे बाहेरच्या माणसानं फळीवरचा साबण खिशात घातला तर तो रस्ता झाडून सुटू शकतो. पण नोकरानं मालकाचा माल चोरला तर ते वेगळं कलम, ३०६, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानातही, कलम ३८१ मध्ये, सातच वर्षं होती. आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून जो घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत. वाचलंत ना? आपणही आहोत त्या संहितेत, कलम ३१७. फक्त आपल्यावर ते कुणी लावत नाही. साबणासाठी पोलिसांत कोणी जात नाही हे मलाही कळतं. प्रत्यक्षात घडतं ते असं : पोराला दुपारून बोलावतात, पंधरा दिवसांचा पगार अडकवतात, 'उद्यापासून येऊ नको' म्हणतात. वर्धा लहान आहे. संध्याकाळपर्यंत निम्म्या बाजाराला कळलेलं असतं. त्याला पुढची नोकरी हिंगणघाटला शोधावी लागते. मॅडमचं नाव त्यात कुठेच येत नाही.

आता आपल्या बाजूच्या सबबी. स्टाफरूममध्ये हा विषय मी एकदा काढला आणि दोन तास पुरला. पहिली सबब, "मी कुठे मागितलं? त्यानं दिलं." ही इतकी लंगडी आहे की तिच्यावर शब्द घालवत नाही. दुसरी, "मुलाचं मन मोडतं हो." मोडतं, मान्य. पण मन राखायला त्याच्याशी दोन मिनिटं बोलता येतं, त्याच्या आईची तब्येत विचारता येते, त्याला बारावीनंतर बाहेरून बी.कॉम. करायला लावता येतं. मन राखायला त्याच्या मालकाचा साबणच लागतो असं नाही.

तिसरी सबब मात्र वजनदार आहे, आणि ती काढणारे सहकारी डाव्या विचारांचे, वाचणारे, खरोखर चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "मालक त्या पोराला आठ-साडेआठ हजारांत बारा तास उभा करतो. बसायला स्टूल देत नाही. चोर कोण मग? पोरगा थोडं परत घेतो आणि आपल्याला वाटतो, याला चोरी म्हणणं म्हणजे मालकाची भाषा बोलणं आहे."

मालक त्याला लुटतो यातला शब्दनशब्द मला मान्य आहे. पण सर, परत घेतलेलं मग त्याच्या घरी गेलं पाहिजे ना? ते तुमच्या घरी कसं काय आलं? त्याच्या श्रमाचं जे मालकानं खाल्लं त्यातला वाटा तुम्ही खाल्लात, आणि वर त्याला क्रांती म्हणताय. पोराची मजुरी कमी आहे म्हणून तुमचा साबण फुकट, हे कुठलं गणित?

आणि कमी मजुरीचं काय करायचं याचं एक उत्तर याच गावात दिलं गेलं होतं. १९३५ साली, गांधीजी मगनवाडीत राहत होते तेव्हा, अखिल भारतीय चरखा संघानं सूत कातणाऱ्या बायांना निदान जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे असं धोरण घेतलं. त्याआधी त्यांना मिळायचे ते पैसे लाजिरवाणे होते. मजुरी वाढली, खादी महागली, आणि गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. गांधीजींचं म्हणणं, द्या जास्त पैसे. त्या धोरणानं खादीचं भलं झालं की नाही यावर वाद घालता येईल. पण दिशा बघा. कातणारीला कमी मिळतं म्हणून गिऱ्हाइकानं आणखी कमी द्यावं, असं कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या सरांनी ती दिशा उलटी फिरवली आहे.

मगनवाडीवरून जे. सी. कुमारप्पा आठवले. अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, पण मूळचा हा माणूस माझ्या जातीचा, म्हणजे हिशेबनीस. लंडनला अकाउंटन्सी शिकलेला. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्यांच्या जेवणाला त्यांनी मोजका भत्ता ठरवून दिला होता. तिथे गांधीजींचा दौरा आला, बरोबर नेहमीप्रमाणे माणसं. त्यांची फळं, बकरीचं दूध, जेवणखाण याचा खर्च निधीतून होणार नाही, तो तुमचा तुम्ही बघा, असं कुमारप्पांनी मीराबेनना सरळ सांगून टाकलं. ज्यांच्या नावावर तो पैसा जमतो त्या माणसाला! गांधीजी रागावले नाहीत, त्यांनी कुमारप्पांचं बरोबरच ठरवलं. मला यात गांधीजींपेक्षा कुमारप्पा जास्त आवडतात. समोर सगळ्यात मोठा 'ओळखीचा माणूस' उभा आहे, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतोय, हे माझं नाही, मला देता येत नाही.

आपल्या पोरांना हे वाक्य म्हणता येत नाही, कारण आपण ते त्यांना म्हणू देत नाही. आपण पिशवी उघडी धरतो.

(उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. १९२९ साली गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये लिहून टाकलं की कस्तुरबांनी कुणी अनोळखी माणसानं दिलेले चार रुपये आश्रमाच्या कचेरीत जमा न करता स्वतःकडे ठेवले. तेव्हा ते साबरमतीला होते. चार रुपयांसाठी बायकोला जाहीर छापायचं! सेवाग्रामला बा-कुटीसमोर उभी राहिले की मला दर वेळी ते आठवतं आणि दर वेळी राग येतो. तत्त्व बरोबर असलं तरी त्याचा दांडका करून घरातल्या सगळ्यात गप्प माणसाच्या डोक्यात घालू नये. म्हणूनच काउंटरवर उभं राहून त्या पोराला उपदेश करणाऱ्या गिऱ्हाइकांचाही मला तिटकारा आहे.)

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. हे 'राहू द्या' कुणाला म्हटलं जातं याची यादी करून बघा. शिक्षक. डॉक्टर. बँकेतले साहेब. नगरपरिषदेतले बाबू. पोलीस. ज्यांच्याकडे उद्या दाखला, कर्ज, बेड, मार्क मागायला जावं लागेल असे सगळे. सिंदी मेघ्याहून येणारी, दोन घरची धुणीभांडी करून पदराच्या गाठीतली नाणी काउंटरवर मोजून ठेवणारी बाई तुम्ही पाहिली असेल. दोन रुपये कमी पडले तर ती शाम्पूची एक पुडी परत ठेवते. तिला कुणी राहू द्या म्हणत नाही. म्हटलं असतं तर मी हा लेख कदाचित लिहिला नसता, निदान इतक्या जोरात नसता. चोरून का होईना, गरजू माणसाला दिलं म्हणून मी गप्प बसले असते. पण दुकानातली ही गुपचूप खैरात ज्याला गरज नाही त्याच्याकडेच वाहते. मग ती खैरात कशी? तो ओळखीचा हप्ता आहे, आणि आपण तो आदर म्हणून घेतो.

आपला हिशेबीपणा एरवी कुठे जात नाही, हेही सांगते. २०१९ साली चंदीगडच्या ग्राहक मंचानं एका बुटांच्या कंपनीला नऊ हजार रुपये भरायला लावले, कारण तिनं कागदी पिशवीचे तीन रुपये गिऱ्हाइकाकडून घेतले होते. बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या. बरोबरच होतं ते. पण ज्यांनी तीन रुपयांच्या पिशवीवर टाळ्या वाजवल्या त्यांच्यातल्या दोघांना मी पंच्याऐंशी रुपयांच्या तेलाच्या बाटलीवर गप्प बसलेलं पाहिलंय. ग्राहक चळवळीनं आपल्याला बिलात जास्त काय लावलंय ते शोधायला शिकवलं. कमी काय लावलंय ते कुणी शोधत नाही.

मग करायचं काय? मी काय करते ते सांगते, यात मोठेपणा काही नाही, विषयाची सवय. मोठ्यानं 'बिलात घे' म्हणायचं नाही, कारण मागे कुणी उभं असतं आणि वर कॅमेरा असतो. वस्तू हळूच पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, "ही राहिली बघ." त्याची चूक झाली असं दाखवायचं, म्हणजे त्यालाही वाट मिळते. नंतर क्यूआर कोडवर जादा पैसे टाकून मोकळं व्हायचं ही चलाखी करू नका. पैसे येतात, बिल नसतं, रात्री हिशेब जुळत नाही आणि पुन्हा त्यालाच विचारतात. तरीही तो हट्टाला पेटला तर वस्तू तिथेच ठेवून निघायचं. एकदोनदा पोरं हिरमुसतात. तिसऱ्यांदा स्वतःच सगळं मोजतात.

आमच्या शेजारच्या काकूंना हे मुळीच पटलेलं नाही. त्या म्हणतात, "तुले लेकरायची माया समजत नाही." असेल. त्यांच्या घरात गेल्या दिवाळीपासून अगरबत्ती विकत आणलेली नाही, हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही.

मागच्या महिन्यात बारावीच्या वर्गात फळ्यावर एक जादा व्यवहार लिहिला, पुस्तकात नसलेला : 'काउंटरवरील नोकराने ओळखीच्या ग्राहकास ८५ रुपयांचे तेल विनामूल्य दिले.' किर्दीत नोंद करा म्हटलं. निम्म्या वर्गानं जाहिरात खर्च लिहिला. बऱ्याच जणांनी चोरीमुळे नुकसान. एकानं उचल लिहिली, त्याच्या वडिलांचं स्वतःचं दुकान आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं 'पगार खाते' असं लिहिलं होतं. मी विचारलं, पगार कसा गं? ती म्हणाली, "मॅडम, आमच्या बाबांच्या दुकानात तसंच करतात." बाबांचं दुकान म्हणजे बाबा जिथे नोकरीला आहेत ते. नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहायचं असतं, ते तिनं रिकामं सोडलं होतं. तिनं विचारलं, कंसात गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं का.

मी म्हटलं, लिही.